ठासणीच्या बंदुकीपाशी शिकलेलं

मी दुबई मरीनात यॉटवरचं लाकूडकाम करतो. सागवानी डेकची फळी बदलायची, पितळी कडी खोबणीत पुन्हा बसवायची, खाऱ्या हवेनं धरलेली बिजागरी मोकळी करायची. या कामात चौदा वर्षं गेली. मूळ गाव सावंतवाडी तालुक्यात. घरी शेती होती आणि शेतीच्या राखणीला आजोबांची ठासणीची बंदूक होती.

तीन वर्षांपूर्वी एका बोटीचा अमेरिकन मालक मी पटाशीनं खोबण कोरत असताना बराच वेळ मागे उभा होता. काम थांबवल्यावर त्यानं फोनवर एक फोटो दाखवला. पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चकमकीची रायफल. उभ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत येईल इतकी लांब, मधासारख्या रंगाचा लाकडी दस्ता आणि त्यावर वाघाच्या अंगावर असतात तसे आडवे पट्टे. हे पट्टे रंगवलेले नाहीत, लाकडाचेच आहेत, असं तो म्हणाला. मी फोटो मोठा करून लाकूड आणि लोखंड जिथं भेटतात ती रेघ बघत राहिलो. तिथं नखसुद्धा शिरलं नसतं. आमच्या बंदुकीवरची अशीच एक रेघ मला त्या क्षणी आठवली. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतो, दिसेल ते बघतो. त्यातून जे उमगलं ते लिहितो आहे.

१. आधी नळीकडे बघावं.

नक्षी डोळ्यांत लगेच भरते, पण कारागिराचे खरे दिवस नळीत गेलेले असतात. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये विल्यम्सबर्ग नावाचं अठराव्या शतकातलं गाव जपून ठेवलंय. तिथले बंदूक-कारागीर वॉलेस गस्लर यांच्यावर १९६९ साली एक माहितीपट निघाला. त्यात ते जुन्या हत्यारांनी एक रायफल पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवतात. तो मी अनेकदा पाहिलाय. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून सळईभोवती वळवायची, कडेवर कड आणायची आणि पांढऱ्या आचेवर घणानं सांधायची. एका तापात बोट-दोन बोटं सांधा होतो, की पट्टी परत भट्टीत. मीटरभराहून लांब नळीचा सांधा असा तुकड्यातुकड्यानं पुढे सरकतो. एखाद्या ठिकाणी आच कमी पडली तर सांधा आतून कच्चा राहतो आणि ते कळतं बार काढताना, नळी फुटली तर.

मग आतून भोक सारखं करायचं आणि त्यानंतर पीळ पाडायचा. रायफलीला बंदुकीपासून वेगळं करतो तो हाच पीळ. लाकडाच्या जाड दांड्यावर आधीच पीळ कोरलेला असतो. दांडा ओढला की तो फिरत फिरत सरकतो आणि त्याच्या टोकाचं बारीक दातेरी पातं नळीच्या पोटात एक चर ओरखडत जातं. एका ओढीत केसाएवढंही लोखंड निघत नाही. पातं थोडं उचलायला त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा आणि पुन्हा ओढायचं. एक चर झाला की दुसरा. असे सात-आठ चर. या पिळामुळे गोळी स्वतःभोवती गरगरत निघते आणि सरळ जाते. साध्या नळीच्या बंदुकीनं शंभर पावलांवरचा एकटा माणूस टिपणं नशिबावर होतं, रायफल त्याच्या दुप्पट अंतरावर भरवशाची होती.

आजोबांची नळी आतून गुळगुळीत होती. तिला छऱ्यांचं काम करायचं होतं, तिच्याकडून पिळाची अपेक्षाच नव्हती.

२. लोखंड लाकडात बसवायचं तर काजळी लागते.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या बंदुकीचा दस्ता चिरला. आजोबा ती वाडीतल्या लोहाराकडे घेऊन गेले, मी मागोमाग. तो म्हातारा लोहारकी आणि सुतारकी दोन्ही करायचा. त्यानं शिसवीचा एक जुना तुकडा काढला, रंधा मारला, आकार आणला. मग बंदुकीची कळ, म्हणजे ज्या लोखंडी पट्टीवर घोडा आणि कमान असते तो भाग, सांडशीत धरून रॉकेलच्या चिमणीवर फिरवला. लोखंड काजळीनं मखमलीसारखं काळं झालं. ते त्यानं लाकडातल्या अर्धवट कोरलेल्या खोबणीत हलकेच दाबलं आणि उचललं. लाकडावर तीन-चार ठिकाणी काळे ठिपके उमटले. तेवढेच ठिपके त्यानं पटाशीनं खरवडले. परत काजळी, परत दाब, परत ठिपके. सुरुवातीला ठिपके मोजके होते. मग वाढत गेले. सगळी खोबण एकसारखी काळी उमटली तेव्हा त्यानं पटाशी खाली ठेवली. सकाळी बसला होता, एव्हाना उन्हं कलली होती. त्यानं कळ बसवली आणि बंदूक उलटी धरून हलवली. स्क्रू नसतानाही कळ पडली नाही.

पेनसिल्व्हेनियातले कारागीरही असंच करायचे, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. एकमेकांचं नाव न ऐकलेली माणसं लाकडासमोर बसली की एकाच उपायाशी येतात. आज मी बोटीवर आग चालत नाही म्हणून ट्यूबमधला निळा रंग वापरतो, पण दुबईतल्याच अल कूझ भागातल्या वर्कशॉपमध्ये बसलो की मेणबत्ती पेटवतो. काजळीचा थर रंगापेक्षा पातळ बसतो.

त्या अमेरिकन दस्त्याचं लाकूड मेपलचं. वळणदार रेषांचा मेपल मुद्दाम निवडत, नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून ते लाकडावर चोळत आणि आच दाखवत. मग आतले पट्टे तांबूस-तपकिरी उजळून येत. दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळी झाकणाची छोटी पेटी असे, तेल लावलेल्या कापडाचे गोल तुकडे ठेवायला. पुढे पुढे हे झाकणच कारागिरांचं मिरवण्याचं ठिकाण झालं. फुलं, वेली, कमानी. प्रत्येक तालुक्याची झाकणाची तऱ्हा वेगळी, आणि जाणकार ती बघून रायफल कुठल्या भागातली ते सांगतात.

३. शब्द ऐकावेत. ते बंदुकीपेक्षा जास्त फिरलेले असतात.

आखातात जुन्या तोडेदार बंदुकीला 'अबू फतीला' म्हणतात. फतीला म्हणजे वात, आणि अबू म्हणजे बाप, वातवाली बंदूक. अल फहिदी किल्ल्यात (बांधणी १७८७ची) मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं आणि जागीच थांबलो. आपला 'पलिता' हाच तो शब्द. अरबीतला फतीला फारसीतून आपल्याकडे आला आणि तोफेच्या कानाला लागला. 'बंदूक' हाही अरबीतूनच आलेला. चांदीच्या पट्ट्यांनी बांधलेली ती लांब, सडसडीत बंदूक काचेआड होती. मला तिच्यात परकं काही दिसेना.

'चकमक' तुर्की आहे. गारगोटी आणि पोलाद एकमेकांवर आपटून ठिणगी पाडण्याचं साधन, म्हणून तसल्या बंदुकीची कळही चकमक. मग दोन तुकड्या भिडल्या की चकमक उडू लागली आणि आता वर्तमानपत्रात रोज उडते. 'ठासून सांगणं' ठासणीच्या गजातून आलं असेल की नाही, ते मी भाषा जाणणाऱ्यांवर सोडतो. पण 'फुसका बार' मी शब्दशः पाहिलाय. घोड्याच्या ठोक्यानं टोपी फट्कन फुटते, धूर होतो, आतली दारू पेटतच नाही, आणि रानडुक्कर नाचणीतून शांतपणे चालत जातं.

४. चकमकीची कळ हे घड्याळासारखं नाजूक यंत्र आहे.

चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार एका उभ्या पोलादी पाकळीवर घासत खाली येते. लोक समजतात गारेतून ठिणगी निघते. प्रत्यक्षात गार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो कीस हवेत जळतो. म्हणून ती पाकळी कडक पोलादाची हवी. मऊ असली तर ठिणगीच पडत नाही. पाकळी मागे ढकलली जाताच खालची वाटी उघडी पडते, ठिणग्या तिच्यातल्या रंजकीवर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात आणि नळीच्या कानातून, म्हणजे बारीक छिद्रातून, आग आत जाते. गार दहा-वीस बारांनंतर बोथट होते, ती चामड्याच्या तुकड्यात धरून फिरवावी किंवा बदलावी लागते. पाऊस असला तर सगळंच अवघड.

५. घाई केलेली चालत नाही.

आजोबांचं वाक्य होतं, "घाई तिका सोसणा नाय रे." आधी दारू मापून नळीत, मग गजानं ठासणी, मग छरे, मग पुन्हा ठासणी, आणि शेवटी टोपी. आमची बंदूक चकमकीची नव्हती, टोपीची होती. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोर्साइथ यांच्या १८०७च्या पेटंटपासून सुरू झालेल्या शोधाची ती नात म्हणायची. अमेरिकेतल्या असंख्य चकमकी रायफलीही पुढे टोपीवर उतरवल्या गेल्या. कळीचे दोन-तीन भाग बदलले की काम होत असे, म्हणून आज मूळ चकमक शाबूत असलेली रायफल जास्त मोलाची.

टोप्यांचा डबा आजोबा बंदुकीच्या खोलीत कधी ठेवत नसत. तो देवघरात, घंटेच्या मागे असायचा. बंदूक मांगरात नेताना तिचं तोंड कायम आभाळाकडे.

६. कुठलीही भूमी परकी बंदूक जशीच्या तशी घेत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त भावलेली गोष्ट हीच. जर्मन आणि स्विस कारागीर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर भागात येऊन वसले तेव्हा त्यांच्याकडची शिकारी रायफल आखूड आणि जाड तोंडाची होती. तिकडच्या जंगलात शिसं आणि दारू पाठीवर वाहून न्यायची, महिनोन्‌महिने घरी परतायचं नाही. मग गोळी लहान झाली, नळीचं तोंड अरुंद झालं, नळी लांब झाली. दारू पूर्ण जळायला आणि नेम धरायला ही लांबी उपयोगी पडते. कारखान्यात बसून कुणी हा आराखडा काढला नव्हता. गिऱ्हाईक परत येई, तक्रार सांगे, आणि पुढची रायफल थोडी वेगळी होई. माझंही काम असंच चालतं, म्हणून हे मला पटतं.

आपल्याकडे गोव्यात हेच झालं होतं, आणि दोनशे वर्षं आधी. अल्फोन्सो द अल्बुकर्कनं १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यातल्या बंदूक घडवणाऱ्यांचं काम बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचं असल्याचं नमूद केलंय. युरोपात तेव्हा बोहेमियाचं नाव मोठं होतं. पुढे १५४३ साली पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले आणि त्यांच्याकडच्या तोडेदार बंदुकीला जपान्यांनी त्या बेटाचंच नाव दिलं. त्या बंदुकीची घडण गोव्यातल्या भट्ट्यांशी नातं सांगते असं मानणारे अभ्यासक आहेत. माझं गाव गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. त्या भट्ट्यांची आठवण सांगणारी एक पाटीही मला त्या रस्त्यावर कधी दिसली नाही, याचं वाईट वाटतं.

चकमक आली तरी आपल्याकडे तोडा सुटला नाही, यावर बऱ्याच जणांनी मागासलेपणाचा शिक्का मारलाय. मला तो मान्य नाही. तोड्याच्या बंदुकीला कमानीचं उत्तम पोलाद लागत नाही, चांगल्या गारेची वाट बघावी लागत नाही, आणि गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो. जिथं चकमक हवी होती तिथं ती घडवलीही गेली. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द बॉईन या युरोपीय सेनानीच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला कारखाना उभा राहिला. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तिथं तोफा ओतल्या जात आणि चकमकी बंदुका बनत, नगाला दहा रुपयांच्या आसपास. २३ सप्टेंबर १८०३ला असईच्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभ्या राहिलेल्या शिंद्यांच्या पायदळाच्या खांद्यावर चकमकीच्याच संगिनी बंदुका होत्या. आग्र्याच्या त्या कारखान्यात भाता कोण चालवत होता, कानस कोण मारत होता, ते कुठल्याच पुस्तकात सापडत नाही. सँगस्टरचं नाव सापडतं.

७. बंदुकीचा अर्थ ती कुणाच्या घरात आहे यावर ठरतो.

दुबईच्या ग्लोबल व्हिलेजमध्ये हिवाळ्यात योला या नाचाच्या स्पर्धा होतात. पांढऱ्या कंदुऱ्यातले तरुण मुलगे ढोलाच्या तालावर बंदूक बोटांवर गरगर फिरवतात, उंच आभाळात फेकतात आणि पाठ वळवून झेलतात. आता त्या हलक्या, नाचापुरत्या बंदुका असतात. पण शेजारी बसलेले एक वृद्ध अमिराती गृहस्थ टाळ्या वाजवत नव्हते, मुलाचा हात बघत होते. मुलानं झेल नीट घेतला की ते मान हलवत. आमच्याकडे दसऱ्याला बंदूक पुसून, तिला झेंडूची माळ घालून, पुढे आपट्याची पानं ठेवतात तेव्हा आजोबांची मान अशीच हलायची.

याच शहरानं बंदुकीपायी रक्तही पाहिलंय. मस्कतमार्गे चालणारा बंदुकांचा व्यापार मोडायला ब्रिटिशांनी डिसेंबर १९१०मध्ये हायसिंथ या युद्धनौकेवरचे शिपाई दुबईत उतरवले. झडतीवरून गोळीबार झाला, माणसं मेली आणि नंतर शेखांकडे दंड म्हणून ४०० रायफली मागितल्या गेल्या. मरीनाच्या कालव्याकाठी संध्याकाळी फिरताना हे आठवलं की हे काचेचे मनोरे किती अलीकडचे आहेत ते जाणवतं.

अमेरिकेत त्या लांब रायफलीला स्वातंत्र्याची खूण मानतात. ८ जानेवारी १८१५च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईनंतर केंटकीच्या शिकाऱ्यांवर एक गाणं गाजलं आणि पेनसिल्व्हेनियात घडलेली रायफल जगभर 'केंटकी रायफल' म्हणून ओळखली जाऊ लागली. त्या लढाईत मोठं काम तोफांनी केलं होतं, तरी गाणं रायफलीचं झालं. ही खूण दुसऱ्या बाजूनंही बघावी लागते. तीच रायफल खांद्याला लावून वसाहतवाले पश्चिमेला सरकले आणि शॉनी, डेलावेअर या लोकांच्या जमिनी गेल्या. शॉनी आणि डेलावेअर स्वतःही या रायफलीचे पारखी गिऱ्हाईक होते, नेमबाजीत कुणाला हार जात नव्हते. मेपलच्या पट्ट्यांचं कौतुक करताना हे विसरलं तर ते कौतुक अर्धंच राहील, असं मी त्या अमेरिकन गृहस्थांनाही सांगितलं. ते गप्प राहिले, मग हो म्हणाले.

आपल्याकडे बंदुकीचा अर्थ कायद्यानं ठरवला. १८७८च्या शस्त्र कायद्यानं सामान्य माणसाच्या हातातली बंदूक परवान्याची झाली, आणि गिऱ्हाईकच उरलं नाही तेव्हा गावोगावचे कारागीर कोयते आणि नांगराचे फाळ करू लागले. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यात ठासणीच्या बंदुकीला पिकाच्या राखणीसाठी वेगळी जागा मिळाली, म्हणून आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात ती आजही अनेक घरांत आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. नेमकी निवडणूक पीक तयार असताना आली की माकडं आणि गवे यांना मोकळं रान. बंदूक परवान्यावर असली तरी कोकणातल्या शेतकऱ्यासाठी ती नांगरासारखंच शेतीचं औजार आहे, आणि तिच्याविषयी बोलताना सरकारनं हे ध्यानात ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

८. जुनी वस्तू विमानानं नेऊ नये.

आजोबा गेल्यावर त्यांचं दारूचं शिंग मला हवं होतं. बैलाचं, तोंडाला पितळी टोपण, पोटावर त्यांच्याच हातची दोन मासोळ्यांची कोरीव आकृती. रिकामं होतं, धुतलं होतं. मी ते कपड्यांत गुंडाळून बॅगेत घातलं. विमानतळावर तपासणीत ते निघालं आणि त्यात जुन्या दारूचा अंश सापडला. तीन तास चौकशी झाली. तपासणारा माणूस आपलं काम करत होता, त्याला दोष नाही. मला सोडलं, शिंग ठेवून घेतलं. त्या मासोळ्यांचा एक फोटोसुद्धा माझ्याकडे नाही.

९. नाव विचारून ठेवावं.

लँकेस्टरच्या जेकब डिकर्ट या कारागिराचा जन्म १७४०चा, मृत्यू १८२२चा. तो नळीच्या वरच्या अंगावर आपलं नाव कोरायचा. त्याची एक रायफल टेक्ससमधल्या अलामोच्या संग्रहात आहे. त्या अमेरिकन गृहस्थांच्या रायफलीवरही कुणाचं तरी नाव होतं, झिजलेलं, पहिलं अक्षर तेवढं वाचता येणारं. त्यांनी मला सहज विचारलं, तुमच्या आजोबांची बंदूक कुणी घडवली? मला सांगता येईना. दस्ता बदलणारा लोहार मी डोळ्यांनी पाहिला होता, त्याच्या हाताची नखं मला आजही आठवतात, पण त्याला सगळे नात्यानं हाक मारायचे आणि मीही तसंच म्हणायचो. बंदूक घडवली त्याच्या बापानं की आज्यानं, तेही ठाऊक नाही.

मी गावी चुलतभावाला फोन केला. बंदूक निवडणुकीनंतर नुकतीच ठाण्यातून परत आली होती. साफ करायला उघडशील तेव्हा नळी दस्त्यातून काढ आणि खालच्या बाजूचे फोटो पाठव, असं त्याला सांगितलं. लोहाराची खूण असली तर ती तिथंच असते, लाकडात झाकली जाणाऱ्या अंगाला. दोन दिवसांनी फोटो आला. गंजाखाली छिन्नीनं मारलेल्या तीन आडव्या रेघा आणि त्यांच्या शेवटी एक खोल ठिपका.

त्या लोहाराचा नातू आता सावंतवाडीत ग्रिल आणि गेटचं वेल्डिंग करतो. फोटो त्याला पाठवला. रात्री उशिरा त्याचा आवाजी निरोप आला, मागे ग्राइंडरची घरघर चालू होती. "अशीच खूण आमच्या ऐरणीर आसा. पणज्याची आसतली. नाव माका म्हायत नाय, आजयेक इचारून सांगतंय."

मे महिन्यात गावी जातो आहे. जाड कागद आणि मऊ पेन्सिल बॅगेत घातली आहे, ऐरणीवरच्या खुणेचा ठसा घ्यायला. आजी नव्वदीच्या पुढे आहे, असं तो म्हणाला. तिला सकाळी नीट आठवतं.